वर सरकणारा खिळा

कुरुळी गावात आम्ही एका खोलीत राहायचो. अंघोळीचं पाणी बादलीत रॉड टाकून तापवायचं. मी पाच वर्षांची, आणि माझ्या पायाला कधी थारा नव्हताच. आईने रॉड काढून बाजूला ठेवला, टॉवेल आणायला वळली, तोवर मी पळत येऊन बादलीवर धडपडले. उजवा हात काखेपासून कोपरापर्यंत भाजला. शेजारच्या काकूंनी लगेच टूथपेस्ट थापली, गार वाटावं म्हणून. दवाखान्यात आधी ती धुऊन काढावी लागली. भाजल्याचं फारसं आठवत नाही, ते धुणं मात्र आठवतं. "नळाचं साधं पाणी ओतायचं होतं हो," डॉक्टर वैतागून म्हणाले.

जखम भरली, पण कातडी आखडली. हात वर जाईना. रोज ताणला नाही तर कायमचा असाच राहील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण मी जरा कण्हले की आई हात सोडून द्यायची आणि स्वतःच रडत बसायची. मला भरवायची तीच. माझी काय, चंगळच होती.

मग बाबांनी खिळा ठोकला. घरमालकांनी आधीच बजावलं होतं, "भिंतीला खिळा ठोकायचा न्हाई, आमी आत्ताच रंग दिलाय." बाबा हो म्हणाले आणि ठोकला. शिफ्टवरून आले की डब्याची पिशवी त्यावर अडकवायचे. पिशवीत कँटीनमधला त्यांच्या वाटचा लाडू असायचा. तो मी काढायचा, उजव्याच हाताने. हात पोचायला लागला की खिळा थोडा वर सरकायचा.

मला बाबांचा भयंकर राग यायचा. आई तर त्यांच्याशी धड बोलत नव्हती. "लेकराच्या जिवावर उठलात का?" एकदा बाबा तोंड धुवायला गेले, तेव्हा तिने हळूच लाडू काढून मला दिला. बाबांनी ते पाहिलं.

"उद्या आपण नसलो की हिला कोण काढून देईल?" ते शांतपणे म्हणाले.

आई गॅसकडे तोंड करून उभी राहिली. त्यानंतर तिने कधी पिशवीला हात लावला नाही. मी रडले, पाय आपटले, पण रोज लाडू खाल्ला. हात हळूहळू सुटला. मी वाढत गेले, तसा खिळाही. नंतर तर ती घरातली सवयच झाली.

मी कॉलेजात असताना आम्ही थेरगावला राहायला गेलो. खोली रिकामी केली तेव्हा भिंतीवर खालून वर भोकांची रांगच दिसली. मालक बघतील म्हणून आई टूथपेस्ट घेऊन ती बुजवायला बसली.

"पेस्ट लावायची खरी जागा ही, बाई," ती स्वतःशीच म्हणाली.

खालची सगळी तिने बुजवली. सगळ्यात वरच्या भोकापर्यंत तिचा हात पोचेना. तिने ट्यूब मला दिली. मी उजवा हात वर केला आणि भोक बुजवलं. आई भिंतीकडे बघतच नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती.