दिवाबत्तीची चावी

गल्लीच्या टोकापर्यंत गेलेले अण्णा हमखास परत फिरत आणि आपल्याच दाराचं कुलूप पुन्हा ओढून बघत. तेवढ्यानं भागलं नाही तर मागच्या दाराची कडीही बघून येत. त्यांच्या बायको, आक्का, रिक्षात ताटकळत बसायच्या. "त्या कुलपाला बी घ्या संगं," म्हणायच्या.

नांदेडात मी त्यांच्याकडे भाड्याच्या खोलीत राहायचे. हिमायतनगरकडच्या खेड्यातून विष्णुपुरीच्या कॉलेजात आलेली, घरात पहिलीच शिकणारी. अण्णा घराच्या विम्याचे एजंट. गाडीचा विमा लोक नाइलाजानं घेत. घराचा म्हटला की हसत. "घर काय मरून राहिलं का, अण्णा?" हॉटेलात कुणीतरी विचारीच. अण्णा गंभीरपणे सांगत, "मरत न्हाई. उघडं पडतंय." मग अर्धा चहा तसाच टाकून घराकडं एक चक्कर मारून येत. लोक आणखी हसत.

असा माणूस लेकीकडे लातूरला जाताना चावी मात्र माझ्या हातात देई. घर बंद असलं तरी देवापाशी सांजेचा दिवा लागलाच पाहिजे, हा आक्कांचा नेम.

एकदा ते निघाले त्याच दिवशी संध्याकाळी दिवा लावायला गेले, तर कुलूप उघडं लटकत होतं. आत कपाट उपसलेलं. आक्कांचं गंठण, पाटल्या, सगळं गेलं होतं. मी तिथूनच अण्णांना फोन लावला.

दोघं तातडीनं परतले. पोलिसांमागोमाग विमा कंपनीचे साहेब आले. कुलूप फोडल्याची खूण नाही, म्हणाले; एक तर ते लावलंच नव्हतं, नाही तर कुणी चावीनं उघडलं. चावीनं उघडलं असेल तर चौकशी करून भरपाईचं बघता येईल, पण लावलंच नसेल तर विषय संपला. मग त्यांनी विचारलं, दुसरी चावी कुणाकडे होती?

मी दारातच होते. माझं नाव चौकशीत आल्याचं गावी कळलं असतं, तर बाबांनी मला त्याच दिवशी परत नेलं असतं. तरी सांगायला मी पुढं झाले. अण्णा आधी बोलले.

"कुलूप म्याच लावलं न्हाई, साहेब. घाईत इसरलो."

निघताना ते कुलूप ओढून बघत होते, हे मी पाहिलं होतं. आक्कांनीही. त्या रिकाम्या कपाटाकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "उभी काय राहिलीस पोरी, चहा टाक."

भरपाई मिळाली नाही. चोर सापडला नाही. स्वतःच्या दाराला कुलूप लावायला विसरणाऱ्याकडून विमा कोण घेणार? हॉटेलातली थट्टा बदलली आणि अण्णांचं काम हळूहळू बंद पडलं. माझं तर अभ्यासात लक्षच लागेना. अण्णांना कधी माझा संशय आला असेल का, एवढंच मनात घोळत राही.

डिग्री मिळाल्यावर पेढे द्यायला गेले, तेव्हा विचारूनच टाकलं.

"आला तर," अण्णा म्हणाले. "लई दिवस आला. माझा सोभावच तसा हाय, त्याला काय करू? पण माझ्या संशयापायी तुझं शिकणं कशाला मोडू?"

आता अण्णा नाहीत. मी लातूरला नोकरी करते. त्यांचं ते 'आला तर' अजून टोचतं. आणि ते तेवढं खरं बोलले, म्हणूनच त्यांचं पुढचं बोलणंही खरं वाटतं.