यानातल्या म्हाताऱ्याचा दम

आप्पांच्या ऑक्सिजन मशीनची नळी उंबऱ्यापर्यंत पोचते, अंगणात पोचत नाही. निपाणीच्या या घरात वडील तेवढ्यातच फिरतात आणि त्यांच्यामागं मीही. वखारीतल्या तंबाखूच्या धुळीनं त्यांची फुफ्फुसं खाल्ली, म्हणून मी कॉलेजातली भौतिकशास्त्राची नोकरी सोडली. माया आहेच, पण माझाही जीव गुदमरतो, हे कशाला लपवू?

घरबसल्या मिळालेलं काम म्हणजे टीव्हीवरच्या एका अंतराळ-मालिकेतलं शास्त्र तपासणं. एका भागात हवा शुद्ध करणारं यंत्र बिघडतं, यानात कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि एकटा अडकलेला म्हातारा तंत्रज्ञ बायकोच्या आठवणीत पानभर भाषण ठोकतो. मी दिग्दर्शकांना फोन लावला.

"अहो, त्याला 'पाणी' म्हणायला दम पुरायचा नाही, आणि हा कीर्तन करतोय!"

"मॅडम, शास्त्रानं कुणी रडत नाही. माणूस दिसला पाहिजे."

"मग माणूसच देते," म्हटलं आणि रागारागानं प्रसंग मीच लिहिला. माणूस शोधायला लांब जायचं नव्हतं. करंट गेला की मी नळी सिलिंडरला जोडेपर्यंत आप्पा जे करतात, तेच उतरवलं. ते गुडघ्यांवर हात रोवून वाकतात. यानात वजन नसतं, म्हणून म्हाताऱ्याच्या हाती दांडी दिली. आप्पा धापा टाकतानाही बोटानं मला गॅसवरचं दूध दाखवतात. म्हातारा उघडं राहिलेलं हत्यारांचं कपाट लावतो. दिग्दर्शक खूश झाले. फक्त म्हणाले, "शेवटी वाचवूया त्याला." मी हटून बसले. मदतीचं यान इतक्या लवकर पोचूच शकत नाही, शास्त्रात बसत नाही. जिंकले आणि दिवसभर तोऱ्यात वावरले.

मग तो भाग लागला. म्हातारा दांडी धरून वाकला आणि 'पुढील भागात' अशी पाटी आली. आप्पा टीव्हीकडं बघतच राहिले.

"आक्का... ह्येचं... माझ्यावानीच... झालंय की गं."

किती दिवसांनी त्यांना हसताना पाहिलं! मग आठवडाभर तेच. आपला गडी काय करत असंल? वाचतोय न्हवं त्यो?

मी गुपचूप दिग्दर्शकांना फोन केला. "शूटिंग झालं, मॅडम. तुम्हीच तर अडून बसला होतात." हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

आज तो पुढचा भाग आहे. आप्पांनी जेवण लवकर उरकायला लावलं आणि खुर्ची टीव्हीजवळ ओढून घेतली.

"वाचतोय... न्हवं?"

"वाचतोय, आप्पा."

त्यांचा चेहरा उजळला. नाकातली नळी सारखी करत ते माझ्याकडं वळले.

"कसा गं?"