आण्णांची गुलाबी गोळी

हृदयाच्या एका औषधावर मी पुण्यात पाच वर्षं पीएच.डी. करत होते. लेसरचा प्रकाश पडला की त्या औषधाचा रेणू पाण्यात काय करतो, अल्कोहोलमध्ये काय, तेलात काय, एवढंच मोजायचं. सगळा खेळ सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही कितीतरी आत उरकतो. आण्णा, म्हणजे माझे वडील, साताऱ्याचे निवृत्त सुभेदार. ते म्हणायचे, "एवढ्या घाईत असतंय, तर तुला पाच वर्सं कशाला लागत्यात गं?"

तेच औषध आण्णा रोज सकाळी घ्यायचे. एकदा झटका येऊन गेला होता. एक दिवससुद्धा चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गेल्या हिवाळ्यात ऊसतोड आली म्हणून ते कुंडलला शेतावर राहायला गेले. साताऱ्याहून नेलेल्या गोळ्या संपत आल्या, तेव्हा सांगलीहून आणवल्या. कंपनी वेगळी, गोळी गुलाबी. झालं! इतकी वर्षं पांढरी गोळी खाल्लेल्या सुभेदाराला हे कसं खपावं?

मी भेटायला गेले, तर त्यांनी काड्यापेटीतून दोन गोळ्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. शेवटची पांढरी आणि एक गुलाबी. "तुझ्या मशिनीत घालून बघ, दोनी येकच हायत का."

खरं तर पाकिटावरचं नाव वाचूनच सांगता आलं असतं. पण आण्णांना माझ्या मशीनची गरज पडली ती पाच वर्षांत पहिल्यांदाच. मी लय फुशारले. म्हटलं, "तपासते की. तोवर गुलाबी घेत राहा मात्र."

"व्हय, व्हय."

आमचे सर हसले, पण मशीन दिलं. दोन्ही गोळ्या विरघळवल्या, गाळल्या, मोजल्या. आठ दिवसांनी कुंडलला जाऊन आलेख आण्णांपुढे पसरला, वर भाषणही ठोकलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ निरखलं.

"येकच रेघ दिसतीय."

"अहो, तेच तर! दोन्ही गोळ्यांची रेघ एकावर एक बसलीय."

"मग हरकत न्हाई," म्हणत त्यांनी कोनाड्यातलं पाकीट काढलं. त्यात नऊ गुलाबी गोळ्या होत्या. दहावी मीच नेली होती.

"आण्णा, आठ दिवस काहीच घेतलं नाही? घ्या म्हणून सांगितलं होतं ना मी!"

"सांगितलं हुतंस. पन तपासायला बी तूच न्हेलीस. म्हणलं, एवढी शिकलेली पोर, हिलाच खात्री न्हाई, तर म्या कशाला खाऊ?"

माझा मलाच राग आला. 'मला माहीत आहे, एकच आहे, घ्या' एवढं म्हणायला मला मशीन लागत नव्हतं. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. आणि पाकिटातली एक गुलाबी गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली.