फाटका वॅफल कुणाचा

लेकीच्या घरून परतल्यापासून आईच्या मनात एकच वाक्य काट्यासारखं रुतून बसलं होतं. "मला फाटकाच आवडतो गं." वाक्य वॅफलबद्दलचं होतं, हे तिलाही मान्य. पण त्याच दिवशी, त्याच गोड सुरात लेक आणखी एक गोष्ट बोलली होती. "ती नवी जागा नकोच मला. आहे तेच बरं आहे." सोमवारी संध्याकाळपर्यंत तिला लॅबमध्ये हो की नाही ते कळवायचं होतं, आणि सोमवार उजाडला होता.

लेक रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांची नवी शाखा निघतेय आणि ती सांभाळायला हिलाच बोलावलंय. अडचण एवढीच, की तिथं भल्या सकाळी पोचावं लागणार. म्हणजे नातीला, चिमणीला, उठवणं, वेण्या घालणं आणि शाळेत सोडणं दुसऱ्या कुणालातरी करावं लागणार. घरात दुसरं कुणी म्हणजे जावईच.

जावयाचा धंदा असा, की तो कचेऱ्या-कचेऱ्यांतून फिरतो आणि तिथल्या माणसांना 'मिळून काम कसं करावं' ते शिकवतो. त्यासाठी लोक त्याला बोलावतात, पुढं पाण्याची बाटली ठेवतात आणि शेवटी टाळ्या वाजवतात. घरी मात्र हा गृहस्थ चहाचा कप टेबलावरून उचलून मोरीपर्यंत नेत नाही. उंटावरून शेळ्या हाकण्याला कुणी पगार देत असेल, यावर आईचा तो भेटेपर्यंत विश्वास नव्हता.

थंडी पडली, की याच्या अंगात मात्र बळ येतं. वर्षभर निजलेला माणूस सुट्टीच्या दिवशी पहाटे उठतो, पोटावर चौकड्यांचा एप्रन बांधतो आणि तांबड्या भोपळ्याचे मसालेदार वॅफल मशीनच्या खाचाखाचांच्या साच्यात भाजतो. "थंडीचा नाश्ता हे माझं डिपार्टमेंट," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. आई दोन दिवस राहायला गेली, तेव्हा सासूबाईंच्या सन्मानार्थ दोन्ही दिवस वॅफल ठरले.

पहिल्या सकाळी स्वयंपाकघराच्या काचांवर बाष्प जमलं होतं. आई शाल गुंडाळून खुर्चीत बसली. भोपळा आदल्या संध्याकाळीच लेकीनं उकडून, कुस्करून ठेवला होता. मैदा तिनंच चाळला, अंडी तिनंच फेटली, जायफळ किसताना बोटाची सालही तिचीच निघाली. आता शेफसाहेबांनी पळी हातात घेतली. आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात, ते आईनं इतक्या शब्दशः कधी पाहिलं नव्हतं.

"आई, मसाल्याचं प्रमाण हीच खरी कला," तो म्हणाला. "दालचिनी पुढं, सुंठ तिच्या जोडीला, लवंग मागं. टीममध्ये कसं, प्रत्येकाला आपापली जागा कळली पाहिजे."

"आणि जायफळ किसणाऱ्याची जागा कुठली?" आईनं विचारलं.

"ते काय, कुणीही किसेल," तो हसून म्हणाला. टोमणा याच्या अंगावरून पाण्यासारखा ओघळतो.

मशीन पुरतं तापलंही नव्हतं, तोच त्यानं पीठ ओतलं. झाकण उघडलं तर अर्धा वॅफल वर चिकटलेला आणि अर्धा खाली. "मशीनच असं आहे," तो म्हणाला. "पहिला बळी घेतंच." अंगण वाकडं असायचंच. लाकडी चमच्यानं त्यानं ते फाटके तुकडे खरवडले आणि न विचारता लेकीच्या ताटलीत टाकले. ताटली आधीच पुढं आलेली होती.

"आमचा नियम आहे, आई. पहिला फाटतो, तो हिचा."

"आईला फाटकाच आवडतो," चिमणीनं पाढा म्हणावा तसं म्हटलं.

"मला फाटकाच आवडतो गं," लेक आईकडं न बघता म्हणाली. "कडा कुरकुरीत लागतात."

आईनं मान खाली घातली आणि आपला अख्खा, चौकोन-चौकोनांचा वॅफल खाल्ला. तो चांगला झाला होता, याचाच तिला जास्त राग आला. हीच पोर लहानपणी बिस्किटाच्या पुड्यात एक तुकडा निघाला म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात परत गेली होती. दुकानदार म्हणाला, "पोटात जाऊन तुटणारच आहे ना?" तर ही म्हणे, "मग माझ्या पोटात तुटू दे, तुमच्या दुकानात नको." दुकानदारानं निमूट पुडा बदलून दिला आणि पुढं कित्येक दिवस तिला 'वकीलबाई' म्हणायचा. आता ही वकीलबाई नवऱ्याची बाजू मांडते.

दुसऱ्या सकाळी आई सगळ्यांच्या आधी उठली. तिनं गुपचूप मशीन लावलं, खाचाखाचांतून तेलाचा ब्रश फिरवला आणि हात वर धरला तरी धग लागेल इतकं ते तापू दिलं. मनात एवढंच होतं, की आज पहिला फाटायला नको. मग नियमाचं काय होतं ते बघू.

जावई आला, त्यानं पीठ ओतलं, लवंगेवरचं कालचं प्रवचन पुन्हा सुरू केलं आणि झाकण उघडलं. वॅफल अखंड सुटून आला, तांबूस आणि खरपूस. लेक सवयीनं ताटली पुढं करून उभी होती. जावयानं वॅफलकडं पाहिलं, ताटलीकडं पाहिलं.

"वा, हात बसलाय आता," तो म्हणाला आणि त्यानं तो वॅफल स्वतःच्या ताटलीत घेतला.

दुसरा चिमणीला, तिसरा आईला. चौथ्याच्या वेळी त्याला कुणाचातरी फोन आला. मान वाकडी करून फोनवर 'विश्वास, विश्वास महत्त्वाचा' असं बोलत त्यानं झाकण वेळेआधी उघडलं आणि वॅफलचे दोन तुकडे झाले. फोन न ठेवता त्यानं ते खरवडून लेकीच्या ताटलीत टाकले. तिला तो डोळ्यांनीच म्हणाला, घे, तुझा आला.

पहिला तिचा असा नियम नव्हताच. फाटका तिचा, एवढाच नियम होता.

आईनं आपली ताटली तिच्याकडं सरकवली. "हा घे."

"नको गं, तू खा. मला..." लेक बोलता बोलता थांबली. आई तिच्याकडं बघत होती.

नंतर लेक मोरीपाशी जुन्या टूथब्रशनं मशीनच्या खाचा घासत होती. 'डिपार्टमेंट' बाहेर सोफ्यावर लोळत होतं.

"नव्या जागेला नाही का म्हणतेस?"

"सकाळी चिमणीचं कोण बघणार? त्याला सकाळचं नाही जमत."

"पहाटे उठून वॅफल करायला बरं जमतं."

"तो छंद आहे गं त्याचा."

"छंदाला जाग येते आणि पोरीच्या वेण्यांना झोप लागते, असं काय?"

लेक हसली, पण ब्रश थांबला नाही. बाहेरून आवाज आला, "आई, मी तिला नाही म्हटलेलं नाही हं. निर्णय तिचाच. मी फक्त सगळ्या बाजू दाखवल्या."

तिच्या बाजूची एखादी दाखवलीत का, हे आईच्या जिभेवर आलं होतं. पण पाहुणी म्हणून आलेल्या बाईनं निघायच्या दिवशी वाद काढू नये, असल्या भिडेपायी तिनं ते गिळलं आणि गाडीत बसेपर्यंत स्वतःवरच चरफडत राहिली.

आज सकाळपासून तिनं दोनदा लेकीच्या मोबाइलवर फोन लावायला घेतला आणि दोनदा ठेवून दिला. मोबाइलवर कोण बोलतं, ते तिला ठाऊक होतं. "बोल गं," असं हळूच म्हणणारी, सगळं बरं आहे असं सांगणारी. तिला काय सांगणार?

मग तिला आठवलं, मागं स्वतःचं रक्त तपासायला ती लेकीच्या लॅबमध्ये गेली होती. बाकावर बसून असताना आतून लेकीचा फोनवरचा आवाज आला. "डॉक्टर, गुठळी झालेला नमुना मी घेणार नाही. दुसरा पाठवा." पलीकडचा डॉक्टर बराच चढ्या आवाजात काही म्हणाला असावा. "उशीर तुमच्याकडं झालाय, इथं नाही," लेक शांतपणे म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. मग बाहेर डोकावून विचारलं, "आई, चहा घेणार?" बिस्किटाचा पुडा परत करणारी पोर कुठं हरवली नव्हती. पांढरा कोट घालून ती तिथं नोकरीला लागली होती, इतकंच.

आईनं चष्मा लावला. त्या वेळच्या रिपोर्टचा कागद कपाटातून काढला, वरच्या कोपऱ्यात लॅबचा नंबर होता. लांबलचक काही बोलायचं नाही, असं तिनं ठरवलं. तू हो म्हण, चिमणीच्या वेण्या बाप घालेल, नाही जमल्या तर वाकड्या जातील, वाकड्या वेण्यांनी आजवर कुणी मेलेलं नाही, बस्स. मोबाइल नको, लॅबच्याच फोनवर करायचा. तो वकीलबाई उचलते.