चुकीच्या डिस्कवर एंटर

माझी थोरली बहीण कपडे बेतते. तिच्याकडे येणाऱ्यांच्या अंगाला तयार कपडा बसत नाही. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाची पाठ वाकलेली, कुणाच्या कमरेला कायमचा पट्टा. एकेका गिऱ्हाइकाचा नमुना तिने पुन्हा पुन्हा अंगावर लावून, टाचण्या मारून, सुधारून बसवलेला. पूर्वी हे नमुने ती कागदावर काढायची. मग उजवा हात थरथरायला लागला आणि पेन्सिलीची रेघ सरळ जाईना. तेव्हापासून नमुने काँप्युटरवर. माउसवर मनगट टेकता येतं, चुकलेली रेघ मागे घेता येते. हात गेला, धंदा राहिला.

काँप्युटर जुना झाला. त्यातली सिस्टिम नमुना अर्धा छापून झाला की मधेच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची. पुढे त्या सिस्टिमनेच पडद्यावर कळवलं, हे यंत्र आता चालणार नाही, नवं घ्या.

"माझ्याच घरात बसून मला बाहेरचा रस्ता दाखवते होय?" ताई म्हणाली, आणि तिच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी दुसरी सिस्टिम टाकायचं ठरवलं.

लिनक्समध्येही सगळं आयतं बसवून देणारे प्रकार आहेत. ताईने ते घेतले नाहीत. तिने घेतला तो प्रकार सुरुवातीला काळ्या पडद्यापलीकडे काही देत नाही. डिस्कचे कप्पे आपण पाडायचे, एकेक भाग आपण आणून बसवायचा, न कळता एंटर मारला तर त्याचं फळही आपणच भोगायचं. दुकानातला दुरुस्तीवाला तासाभरात काम करून द्यायला तयार होता. ताई नको म्हणाली. "तो बसवेल. बिघडलं की परत त्याच्याच दारात उभी राहू?"

महिनाभर तिने नुसतं वाचलं. मी फिटर होतो, आता निवृत्त. काँप्युटर मला कळत नाही, पण काम करणारा माणूस कळतो. ती नीट करत होती. आधी सगळं वाचायचं, मग हात लावायचा.

त्या सकाळी तिने मला शेजारी बसवलं. "मी घाई करायला लागले की ओरड. एरवी तोंड बंद."

काँप्युटरमध्ये दोन डिस्क होत्या. नवी लहान, तिच्यावर लिनक्स जाणार. जुनी मोठी, तिच्यावर सगळे नमुने. नवी मोकळी ठेवायची म्हणून तिने होते नव्हते ते नमुने जुनीवर हलवले होते. हलवले, प्रत केली नव्हती. म्हणजे जगात ते तेवढ्याच एका जागी होते. हे तिच्या लक्षात आलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही.

कोणत्या डिस्कचं नाव काय, ते तिने आदल्या दिवशी पाहून बेतायच्या टेबलावर खडूने लिहून ठेवलं होतं. तेच अक्षर तिने टाईप केलं. जुने कप्पे मोडून नवे पाडायची कमांड. एकदा वाचली, दोनदा वाचली. एंटर.

मग तिने डिस्कची यादी काढली आणि हात कीबोर्डवरून उचलला.

"काय झालं?"

"आकडा मोठा आहे."

"म्हणजे?"

"नवी डिस्क लहान आहे रे. ही मोठी आहे. ही जुनी आहे!"

काँप्युटर बंद करून पुन्हा चालू केला की डिस्कची ही नावं आपसात बदलू शकतात. रात्रीतून ती बदलली होती. मी बटणाकडे हात नेला.

"हात लावशील तर बघ, हातोड्या!"

"मशीन बिघडलं की आधी बंद करायचं असतं."

"कप्प्यांचा नकाशा गेलाय. सामान अजून आत असेल. वरून काही लिहिलं गेलं नाही तर."

"आणि लिहिलं गेलं तर?"

थरथरणारा हात तिने मांडीखाली दाबून धरला. हे सगळे नमुने पुन्हा पहिल्यापासून काढणं त्या हाताला आता झेपणार नव्हतं.

मोबाईलवर लिनक्सवाल्यांचा एक गट होता. तिने लिहिलं, मदत करा, सगळं गेलं. एकाचं उत्तर आलं, "काय टाईप केलंत ते जसंच्या तसं पाठवा. सगळं गेलं म्हणजे काही कळत नाही."

"ह्याच्याशी घरी कुणी नीट बोलत नसणार," ताई म्हणाली. पण तिने पडद्याचा फोटो काढून पाठवला.

"फॉरमॅट केलंत?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग काही करू नका. सांगतो तेवढंच."

त्याने हरवलेले कप्पे शोधणारा प्रोग्रॅम सांगितला. नुसतं शोधा, लिहू नका. फायलींची नावं दिसली तरच पुढे. ताईने प्रत्येक ओळ टाईप करून मला मोठ्याने वाचायला लावली, एकेक अक्षर. मग एंटर.

शोध रांगत होता. तेवढ्यात दार वाजलं. वाकलेल्या पाठीच्या शिक्षिकाबाई, नव्या शाळेत रुजू होणार म्हणून कोट सांगायला आलेल्या. "ताई, माझा नमुना आहे ना तुमच्याकडे? टाचण्या लावून घेत परत इतका वेळ उभं राहवणार नाही मला."

आहे म्हणणं सोपं होतं.

"शोधतेय," ताई म्हणाली. "संध्याकाळी कळवते."

बाई गेल्यावर ती पडद्याकडे बघत पुटपुटली, "गिऱ्हाईक दारात आलं की मी नव्याने टेप लावते. गेल्या खेपेच्या मापावर कधी कापड कापलं नाही. आणि इथे कालच्या अक्षरावर कापलं."

जुना कप्पा सापडला. तिने आत पाहिलं. गिऱ्हाइकांची नावं एकाखाली एक उतरली. मी हुश्श केलं.

"इतक्यात नको," ती म्हणाली.

आधी तिने सगळे नमुने मोकळ्या पेनड्राईव्हवर उतरवून घेतले, दोन-चार उघडून रेघा तपासल्या. शिक्षिकाबाईंचा सगळ्यात आधी. त्यांना फोन केला. मगच नकाशा पुन्हा लिहिला. काँप्युटर बंद केला, वायर काढली, पेटी उघडून जुनी डिस्क बाहेर घेतली आणि आतल्या खोलीत कपाटात ठेवली. परत येऊन काँप्युटर चालू केला आणि खुर्ची ओढली.

"आज पुरे झालं की," मी म्हणालो.

"आज हात शिकलाय. उद्यापर्यंत विसरेल." तिने यादी नव्याने काढली. आता एकच डिस्क दिसत होती. तरी तिने आकडा मला वाचायला लावला.

लिनक्स त्या दिवशी बसलं. छपाई दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू झाली. कोटाच्या पाठीचा नमुना निघाला. माप बरोबर छापलं जातंय का, हे बघायला कोपऱ्यात एक चौकोन असतो. ताईने त्यावर टेप धरला.

"सूतभर आखूड."

"एवढ्याने काय होतंय?"

"तुला नाही होत. त्यांच्या पाठीला होतं," ती म्हणाली, आणि लिनक्सच्या माहितीतलं छपाईचं पान उघडून पहिल्या ओळीपासून वाचायला बसली.