बेल मिळाला की निघतो

आमच्या ह्यांना मी एकदा पोलिसांच्या तावडीतून सोडवून आणलं. ह्यांनी कुणाला मारलेलं नव्हतं आणि ह्यांना कुणी धरलेलंही नव्हतं. पण हे तपशील मला जरा उशिरा समजले.

त्याचं असं झालं, गावचं सरपंचपद महिलांसाठी राखीव निघालं आणि मी उभी राहिले. (म्हणजे घरच्यांनी धरून उभी केली!) पण मी ठणकावून सांगितलं, खुर्चीत मी बसणार आणि कारभारही मीच करणार. बायको सरपंच आणि नवरा सहीला, असला प्रकार आपल्याकडे चालणार नाही! मग कुणी इंग्रजी कागद पुढे सरकवला तर तो कळायला नको का? सून पल्लवी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. मी भाकऱ्या थापायची आणि ती वहीतले शब्द विचारायची. त्या आठवड्यात कोर्ट आणि राजकारण चालू होतं.

"कँडिडेट?"

"उमेदवार!"

"कस्टडी?"

"कोठडी!"

"बेल?"

"जामीन!"

"सेंटेन्स?"

"वाक्य! हे तर शाळेत झालंय."

"आई, कोर्टात सेंटेन्स म्हणजे शिक्षा."

"वाक्य पण आणि शिक्षा पण? असं कुठं असतं का!" मी तो शब्द तिथेच सोडून दिला.

शनिवारी सकाळी हे मित्राला, बापूंना, घेऊन काष्टीला गेले. पंपाचं सामान आणायचं म्हणून सांगितलं होतं. सोमवारी माझा अर्ज भरायचा होता, म्हणून लवकर येतो म्हणाले होते. दुपारचे तीन वाजले तरी पत्ता नाही. ह्यांचा फोन बंद. शेवटी बापूंना (ते ह्यांना भाऊ म्हणतात) मेसेज टाकला. उत्तर आलं मराठीतच, पण बापूंच्या सवयीप्रमाणे इंग्रजी अक्षरांत. मी एकेक अक्षर लावत वाचलं: 'भाऊ काष्टीतच आहेत. बेलासाठी थांबलोय. बेल मिळाला की निघतो.'

माझ्या हातातलं सूप पडलं, डाळ घरभर झाली. आठवड्यापूर्वी हा मेसेज आला असता तर मला काही कळलं नसतं, पण आता मी शिकलेली होते ना!

'काय झालं?' मी विचारलं.

'लई आडदांड आहे. आत्ताच एकाला आपटलं. दवाखान्यात नेलंय त्याला. भाऊ म्हणतात असंच पाहिजे.'

आडदांड? आमचे हे? घरात झुरळ निघालं तरी मला हाक मारणारा माणूस! पण राजकारणात माणसं बदलतात असं ऐकून होते. आणि वर 'असंच पाहिजे'! पश्चात्तापसुद्धा नाही! मी फोन लावला. पलीकडे नुसता गलका.

"ऐकू येईना, वैनी! चौघांनी धरलंय! दोरी लावलीया!"

आणि फोन कटला. दोरी! म्हणजे बेड्यासुद्धा शिल्लक नव्हत्या!

ही गोष्ट बाहेर फुटली असती तर माझी उमेदवारी संपलीच होती. म्हणून मी ती फक्त पाच जणींना सांगितली आणि प्रत्येकीला शपथ घातली. दिराला जीप काढायला लावली. बरोबर सातबारा, आधार कार्ड, ह्यांच्या बीपीच्या गोळ्या आणि कोठडीत गार लागेल म्हणून एक वाकळ घेतली. आम्ही वेशीपाशी पोचेपर्यंत पारावरची माणसं माना हलवत होती आणि विरोधी उमेदवाराच्या ओट्यावर चहा फिरत होता.

खरं सांगते, वाटेत मला रडू फुटलं. खड्ड्यात जाऊ दे ती खुर्ची, माझा माणूस घरी येऊ दे, एवढंच मनात होतं.

काष्टीच्या पोलीस चौकीत एक हवालदार पेपर वाचत बसले होते. मी पदर सावरला.

"साहेब, आय वाँट बेल!"

"कुनासाठी?"

"आमच्या मिस्टरांसाठी! त्यांनी एकाला आपटलंय. पण स्वभावानं गरीब आहेत हो, साहेब."

त्यांनी वही उघडून बघितली. "बाई, आज आमी कुनालाच धरल्यालं न्हाई."

"मग हे काय?" मी फोन पुढे केला.

त्यांनी मेसेज मोठ्यानं वाचला. "'बैलासाठी थांबलोय. बैल मिळाला की निघतो. लई आडदांड आहे… असाच पाहिजे.'" मग त्यांनी फोन हळूच टेबलावर ठेवला. "मावशी, बी-ए-आय-एल, बैल हाय ह्यो! चार पायाचा! जनावरांचा बाजार तिकडं भरतो."

दीर जीपला टेकून इतके हसले की त्यांनाच पाणी पाजावं लागलं.

बाजारात हे एका पांढऱ्याशुभ्र, शर्यतीच्या बैलाची दोरी धरून उभे होते. पंपाचं सामान म्हणतात ते हेच! मला बघून चेहरा असा पडला की आता मात्र खरंच अटक झालीय असं वाटावं.

"तू हितं कशाला?"

"तुम्हाला सोडवायला!"

"कुनापासनं?"

कोठडीसाठी आणलेली वाकळ मी बैलाच्या पाठीवर टाकली.

बैलाला घेऊन भाड्याचा टेम्पो गावात शिरला तेव्हा आरोपीला बघायला अख्खं गाव जमलेलं, आणि पुढच्या रांगेत माझ्या शपथ घेतलेल्या पाचही जणी! टेम्पोतून आधी बैल उतरला. लोकांनी दिराला विचारलं आणि दिरानं सगळं सांगितलं. (तिखटमीठ लावून!)

निवडणूक मी जिंकले. विरोधकांनीच हा किस्सा घरोघर इतका फिरवला की ज्या वस्तीवर मला कुणी ओळखत नव्हतं, तिथंही माझं नाव पाठ झालं. कारभार मीच करते. इंग्रजी कागद आला की ग्रामसेवक आधी मराठीत सांगतात आणि मी मुकाट ऐकून घेते.

बैलाचं नाव गावानं 'जामीन' ठेवलंय. आडदांड इतका की ह्यांना जवळ येऊ देत नाही, वैरण खातो ती फक्त माझ्या हातची. रोज सकाळी हे अंथरुणातूनच ओरडतात, "सरपंचबाई, जामीन सुटलाय, तेवढा धरून आना!"

सेंटेन्स म्हणजे वाक्यही आणि शिक्षाही, हे मला आता उदाहरणासह समजलं आहे.