लेकीसाठी बसलेल्या बैठका

माझा आणि माझ्या लेकीचा निवाडा तीन वेळा झाला. आमच्यात बाई बैठकीत येत नसे. ती दाराच्या आत बसायची आणि तिचं म्हणणं भाऊ नाहीतर मामा बाहेर सांगायचा.

नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली तेव्हा मुलगी मांडीवरची होती. तिला घेऊन मी हिंगणीला माहेरी आले. पहिली बैठक सासरच्या गावी, समुद्रपूरकडे, एका पंचाच्या ओसरीत झाली. तिथली रीत ओरडण्याची. म्हाताऱ्या पंचाने आधी नवऱ्याला झापलं, "लाज नाई वाटत तुले?" मग दाराकडे तोंड करून मला म्हणाला, "अन् तू काऊन पळाली वं? घर काय बसस्टँड हाय?" सगळे हसले. नवऱ्याने बेलभंडार उचलून मला नांदवायची शपथ घेतली. त्या बाईचं काय, हे कोणी विचारलं नाही. मी गेले तर चुलीपुढे तीच बसलेली. कापसाचा हंगाम संपायच्या आत मी पुन्हा माहेरी आले.

मग मामा मध्ये पडला. त्याने कधी आवाज चढवला नाही, दोन्ही घरांना समोरासमोरही आणलं नाही. एसटीने इकडून तिकडे जायचा आणि गोड बातमी आणायचा. मला म्हणाला, "माय, तू फारकत दे. पोट्टी तुह्याजवळच राहीन." मुलगी मिळत असेल तर मला दुसरं काही नको होतं. मी फारकतीच्या कागदावर सही केली. तिकडे मात्र तो सांगून आला होता, "पोट्टी तुमचीच हाय, जराशी मोठी होऊ द्या."

ती शाळेच्या वयाची झाली तशी सासू दोन माणसं घेऊन दारात उभी राहिली. "कबूल झालतं ना? न्याले आलो."

भाऊ धावत मामाकडे गेला. मामा आला आणि डोकं धरून बसला. "मले वाटलं, तवरिक त्यायचं मन बदलन." त्याच्या मनात पाप नव्हतं, हे मला आजही ठाऊक आहे. मुलीने माझा पदर धरला होता. सासूने तिची बोटं एकेक करून सोडवली.

भावाने वर्ध्याच्या कोर्टात अर्ज केला. तारखा पडत गेल्या, इतक्या की मुलगी तिकडेच चौथीत गेली. शेवटी जजसाहेबांनी मला आणि मुलीच्या बापाला आपल्या खोलीत बोलावलं. वकील बाहेर, भाऊही बाहेर. मला खुर्ची दिली. "सांगा बाई, तुमच्या मनात काय आहे? घाई नाही."

कोणी मला असं विचारेल, हे कधी मनातही आलं नव्हतं. मी सवयीने दाराकडे पाहिलं, भाऊ बोलेल म्हणून. दार लावलेलं होतं. साहेब थांबले, पाणी मागवलं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मुलगी."

त्यांनी तिलाही आत बोलावून विचारलं. ती माझ्याकडे अनोळख्यासारखी पाहत राहिली, मग बापाच्या मागे जाऊन उभी राहिली. साहेब हळूच म्हणाले, "आता तिला त्या घरातून तोडणं बरं नाही. दिवाळीच्या सुट्टीत ती तुमच्याकडे येईल." ते चुकीचं बोलले नाहीत. मी मान हलवली.

त्या दिवाळीला ती आली. मला 'तुमी' म्हणायची. न्हाऊ घालताना म्हणाली, "आई इतकं जोरात नाई घासत." तिची आई म्हणजे ती दुसरी. मी हात हलका केला.

पुढच्या दिवाळीला त्यांनी तिला धाडलंच नाही. भाऊ तावातावाने म्हणाला, "कोर्टाचा हुकूम हाय बाई. पुन्हा अर्ज टाकतो."

मी नको म्हटलं. पुन्हा कोणी तिला खोलीत उभं करून विचारलं असतं, कोणाजवळ राहायचं. तिचं उत्तर मला माहीत होतं, आणि ते माझ्यासमोर द्यायला तिला जड गेलं असतं.

भाऊ रागावून शेतात निघून गेला. मी तिच्यासाठी केलेल्या करंज्या शेजारच्या मुलांना वाटल्या.